जंगली फांदी

मु. आंबेटोला, ता. कुरखेडा
२२ ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप देवकाबाई यांस,
गुणवंतचा साष्टांग नमस्कार.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. श्रावणात वर्षश्राद्ध झालं. तुम्हाला गुडघ्यामुळे येता आलं नाही, पण आदेश येऊन गेला. पंगतीत वाढायलाही उभा राहिला. तुमच्या मुलानं घरच्यासारखं केलं, हे लिहायचं राहून गेलं होतं.

आज लिहितो ते वेगळ्या कामासाठी. अंगणातल्या गुलाबांबद्दल विचारायचं आहे. तुमच्या बहिणीनं, आशानं, लावलेली गावठी गुलाबाची झाडं कुंपणाला आहेत. विहिरीजवळ लाल गुलाबाचं कलम आहे, तुमच्या दारातून आलेलं. ते झाल्यापासून कोणी त्यांना हात लावला नाही. घरात असं घडलं की वर्षभर अंगणातली फुलं तोडायची नाहीत, असं माझी आई पाळायची. मीही पाळलं. देवाला फक्त अक्षता वाहिल्या. फुलं झाडावरच वाळली, त्यांची बोंडं झाली, मग फुलं येणंच थांबलं. गवत माजलं. एकदा शेळ्या शिरल्या. लाल गुलाबाच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येत आहेत आणि बुडाशी वाळवी लागली आहे.

दसऱ्याला, वर्ष संपलं म्हणून, मी देवासाठी फूल तोडायला अंगणात उतरलो. तेव्हा हे दिसलं. रोज समोरच होतं, पण दिसलं त्या दिवशी.

खरं कारण लिहितो. आशा आता अंगणात येत नाही. पूर्वी तोंड धुण्याआधी ती गुलाबांपाशी असायची. आता मागच्या दारानं जाते आणि मागच्या दारानं येते. घरचं, धानाच्या बांधीतलं काम सगळं करते, पण तिच्यातून काहीतरी निघून गेलं आहे. आम्ही जेवायला बसतो तेव्हा ताटांचा आवाज होतो, तेवढाच. मला वाटतं, लाल गुलाब पुन्हा फुलला तर ती बाहेर येईल. माझ्या हाती एवढंच दिसतं. बाकी महादेवाकडे.

साडूभाऊंनी खाणीच्या कॉलनीतल्या बागेत हयात घालवली आणि तुम्ही त्यांच्या बरोबरीनं माती कालवली. काय करावं ते सोप्या भाषेत कळवा. मला धानाचं कळतं, फुलांचं नाही. आशाला यातलं काही कळू देऊ नका.

आपला,
गुणवंत

*

चंद्रपूर
३० ऑक्टोबर १९९९

गुणवंतराव यांस,
देवकाबाईचे आशीर्वाद.

पाकिटावर तुमचं अक्षर पाहून मी आधी देवाचं नाव घेतलं. आता अजून काय झालं म्हणून. उघडून पाहते तर गुलाब! तुमी बी कमाल करता. पहिल्याच ओळीत लिहावं ना, ‘बाई, घाबरू नका’ म्हणून.

आता ऐका. आधी कातरीले धार लावून आणा. बोथट कातरीनं फांदी चिरडते अन् मंग तीच काळी पडते. वाळलेलं, काळं, एकमेकांत अडकलेलं सगळं काढा. आतून हिरवं लागेपर्यंत खाली या. कापताना मन कच्चं करू नका. आमचे हे म्हणत, गुलाबाले न्हावी लागते, वैद्य नाई. कापलेल्या तोंडाले शेण लावा. बुडाची माती उकरून ऊन खाऊ द्या, वाळवीचं वारूळ काढून निंबोळीची ढेप-पेंड टाका. मंग कुजलेलं शेणखत. ताजं शेण टाकाल तर झाड जळन. गावठी झाडं दगडासारखी असतात, ती फुटतीलच. जीव लावायचा तो लाल्याले.

तो लाल गुलाब तुमच्या घरी कसा आला ते तुमाले ठाऊक आहे का? आपला मिथुन आयटीआयसाठी माझ्याकडे राहिला, तेव्हा संध्याकाळी बागेत ह्याईच्या मागे मागे असे. आमच्या दारातल्या झाडाचा डोळा, म्हणजे बारका कोंब, घेऊन ह्याईनं एक कलम केलं, ते मिथुननं मागून घेतलं. ‘आईले नेतो’ म्हणे. डब्यात लावून, मांडीवर घेऊन बसमध्ये बसला. मी खिडकीपाशी उभी. कंडक्टर म्हणे, ‘याचं तिकीट कोण काढन?’ तर पोरगा म्हणते, ‘हाफ लागते का भाऊ? अजून लहान आहे.’ सारी बस हासली.

आमच्या दारातलं मोठं झाड आता राहिलं नाई. आदेशनं खोली वाढवली, त्यात गेलं. मी दवाखान्यातून परत आली तर तिथं पाया खोदलेला. काय बोलणार? पोराले राहाले जागा पाहिजे. म्हणजे तो लाल गुलाब आता जगात असलाच तर तुमच्या विहिरीपाशी आहे. सांभाळा.

आशेले नाई सांगत. पण नवरा-बायको एका घरात राहता अन् बायकोसाठी मले चंद्रपूरले पत्र लिहिता, हे काही मले पटलं नाई.

देवकाबाई

*

आंबेटोला
२६ नोव्हेंबर १९९९

तीर्थरूप देवकाबाई यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. धान कापणी चालू होती, म्हणून सकाळी बांधीत जाण्याआधीचा वेळ गुलाबांना दिला. गावठी झाडांना हिरवे कोंब आले आहेत. एकाला कळीही आहे.

छाटणीच्या दिवशी शेजारच्या नीलाबाई कुंपणापाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “गुणवंतभाऊ, झाडाची दाढी करून राहिले, सोताची कधी करता?” मी गालाला हात लावून पाहिला. खरंच वाढली होती. मग दाढी केली.

लाल गुलाब कापताना तो संपलाच असं वाटलं. वरचं सगळं काळं निघालं. शेवटी वीतभर खोड राहिलं, त्याच्या एका बाजूला थोडी हिरवी साल. पण दोनेक आठवड्यांत अगदी बुडातून, मातीलगत, एक फांदी फुटली. जोमदार आहे. रोज पाहिली तर रोज वाढलेली दिसते. तिला बांबूची काडी लावली, भोवती शेणखत घातलं. सकाळी उठल्यावर आधी तिच्याकडे जातो, मग पूजेला बसतो. हे उलट आहे हे कळतं.

आनंद झाला असं लिहिणार होतो. पण लिहिताना विचार केला तर तसं काही झालेलं नाही. बरं वाटलं, इतकंच. ते झाल्यापासून मला गोष्टी कळतात, पण लागत नाहीत. परवा विळ्यानं बोट कापलं, ते कोलूनं सांगितल्यावर पाहिलं. माझ्या बांधीत इतकी वर्षं काम करणारा माणूस, तो बोटाकडे सोडून माझ्या तोंडाकडेच पाहत राहिला.

आशा तशीच आहे. अजून अंगणात आलेली नाही. मी विचारलं तर ‘हो’, ‘नाही’ म्हणते.

आपला,
गुणवंत

*

चंद्रपूर
८ डिसेंबर १९९९

गुणवंतराव,

वाचून जीवाले बरं वाटलं. फुटला ना शेवटी! मी सुनेले म्हटलं, आमच्या माणसाच्या हातचं कलम असं मरत नाई. कळी दिसली की दुसऱ्या दिवशी पत्र टाका. आशेले म्हणा, तुझी बाई जिती आहे, दोन ओळी लिही.

गुडघा तसाच. थंडीत अजूनच बोलतो.

देवकाबाई

*

आंबेटोला
५ जानेवारी २०००

तीर्थरूप देवकाबाई यांस,
सा. न. वि. वि.

चुरणी झाली, धान घरात आलं. बांधीत लाखोळीचं पीक चांगलं आहे.

लाल गुलाबाची नवी फांदी माझ्या खांद्याला लागली. इतकी वाढ मी अपेक्षिली नव्हती. पण कळी नाही. पानं बारीक आणि फिकट हिरवी, एकेका देठाला सात-सात. काटेही पहिल्यासारखे जाड नाहीत, बारीक आणि दाट आहेत. मला वाटतं, नवी वाढ कोवळी म्हणून तसं असेल. तुम्हाला काय वाटतं?

जुनं वीतभर खोड तसंच उभं आहे. त्याला मोठी, गडद अशी दोन-चार पानं आली आणि तिथंच थांबलं. ते नव्या फांदीचं खत-पाणी उगाच खातं. म्हणून ते मुळाशी कापून टाकायचं ठरवलं आहे. कातर कुठे ठेवली ते आठवत नाही, दोन दिवस शोधतो आहे. सापडली की लगेच कापतो. मग सगळा जोर नव्या फांदीत जाईल आणि संक्रांतीपर्यंत कळी दिसेल.

आशाला मी काल म्हटलं, “विहिरीजवळचं झाड पाहिलं का?” ती म्हणाली, “पाहिलं.” दारातून दिसतं तेवढंच पाहिलं असणार.

आपला,
गुणवंत

*

चंद्रपूर
११ जानेवारी २०००

गुणवंतराव,

हे पत्र पोस्टात टाकत नाई. आदेशच्या ओळखीचा ड्रायव्हर कुरखेड्यापर्यंत येते, त्याच्या हाती देते. स्टँडवरच्या चहावाल्याकडून तुमाले भेटन.

त्या जुन्या खोडाले हात लावू नका! तोच लाल गुलाब आहे. तेवढाच आहे.

माझंच चुकलं. बुडातून फुटली म्हणून तुमी लिहिलं होतं, तेव्हाच माझ्या डोक्यात यायले पाहिजे होतं. गुलाबाचं कलम म्हणजे खाली जंगली गुलाबाचं खुंट अन् त्याच्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवलेला. वरचा गुलाब कमजोर झाला की खालचं जंगली खुंट फुटते अन् सारं खत-पाणी तेच खाते. सात पानं, बारीक काटे, फिकट रंग, ते जंगलीच. त्याले लाल फूल कधीच येणार नाई. तुमी दोन महिने जंगली फांदीले पाणी घातलं, गुणवंतराव. तुमचा दोष नाई. धानवाल्या माणसाले जोमदार दिसलं ते चांगलंच वाटते.

आता ती फांदी माती उकरून, जिथून निघाली तिथून ओढून काढा. वरून कापाल तर पुन्हा फुटन. मंग जुन्या खोडाले आराम द्या. आशा अंगणात यावी म्हणून तुमी एवढं करून राहिले, तर योग्य झाडाले करा.

काढलं की कळवा. मी वाट पाहून राहिली.

देवकाबाई

*

आंबेटोला
४ फेब्रुवारी २०००

ती. बाईस,
आशाचा नमस्कार.

तू म्हणशील, आज सूर्य कुठून उगवला. माझं अक्षर तुले माहीत आहे, सांभाळून वाच.

तुझं पत्र त्याईनं ओसरीवर बसून वाचलं. पुन्हा वाचलं. पाटावर ठेवलं अन् बांधीकडे निघून गेले. मी ते उचलून वाचलं. त्यात लिहिलं होतं, आशा अंगणात यावी म्हणून. मंग मले समजलं की चंद्रपूरले काय काय लिहिणं चालू होतं.

बाई, ती फांदी जंगली आहे हे मले पहिल्या दिवशीच दिसलं. तुझ्याच घरी भाऊजींनी दाखवलं होतं ना आपल्याले, सात पानं. मी बोलली नाई. काऊन बोलली नाई ते सांगते.

नदीचं तुले अर्धंच माहीत आहे. मिथुनचा ताप डोक्यात गेला होता, जीपमध्ये टाकून गडचिरोलीले नेत होतो अन् नदी पुलावरून वाहत होती. पाणी उतरायची वाट पाहत बसलो. तिथंच गेला तो. हे तुले माहीत आहे. त्यानंतरचं माहीत नाई. पोराचा हात ह्याईच्या हातात होता. तो सोडवाले दोन माणसं लागली. रडले नाईत, ओरडले नाईत, पण हात सोडत नव्हते. तेव्हापासून असेच आहेत. मी रडली, मी डोकं आपटलं, मी नीलाबाईशी भांडली, देवाले बी बोलली. आता मले भूक लागते, रोवणीत बायका गाणं म्हणतात तर माझं तोंड हालते. ह्याईचं काहीच हालत नाई. मी बोलली तर ऐकू जात नाई, अन् बाहेर सांगतात की आशा बोलत नाई! पोराचं नाव घेत नाईत. ‘ते झाल्यापासून’ म्हणतात. ‘ते’ म्हणजे काय? त्याले काही नाव नाई का?

मी अंगणात येत नाई हे खरं आहे. मी आली की ते उठून जातात म्हणून येत नाई. सकाळी त्या फांदीपाशी बसतात, काडी नीट करतात, एक-दोनदा तिच्याशी काहीतरी पुटपुटतानी पाह्यलं मी दारातून. वर्षभर मले वाटे की हा माणूस एक दिवस अंथरुणातून उठणारच नाई. त्या फांदीसाठी उठले ते. दाढी केली. मंग मी कशाले सांगू की ते जंगली आहे? असू दे जंगली.

लाल खोड कापतो म्हणाले, तेव्हा मात्र मी कातर तांदळाच्या ढोलीत लपवली. लाल खोडाले मी दुपारी, ते बांधीत गेले की, तांब्याभर पाणी घालत जाते. म्हणून ती दोन-चार पानं आहेत.

आता तुझं पत्र आल्यापासून ते अंगणात जात नाईत. फांदी काढली बी नाई, पाणी बी घालत नाईत. ओसरीवर बसतात. परवा मीच म्हटलं, “झाडाले पाणी नाई घातलं.” तर म्हणले, “ते आपलं नाही.” एवढंच.

तू मोठी आहेस. चांगल्या मनानं लिहिलंस. पण बाई, काऊन लिहिलंस? आता तूच सांग, काय करू.

तुझी,
आशा

*

चंद्रपूर
१२ फेब्रुवारी २०००

गुणवंतराव आणि आशा यांस,

हे पत्र दोघांनी एका जागी बसून वाचायचं. एकानं वाचून पाटावर ठेवायचं नाई.

आशे, तुझं पत्र भेटलं. तू मले रागावलीस ते बरोबर आहे. मी गुलाबाचा विचार केला, माणसाचा नाई. पण ह्याईच्या सोबत राहून मले जे शिकता आलं त्यातलं अर्धंच मी लिहिलं होतं. आता बाकीचं लिहिते.

गुणवंतराव, फांदी उपटली नाई हे फार चांगलं झालं. नवं कलम करायचं तर आधी काय लागते? जोमदार जंगली खुंट. नर्सरीवाले वर्ष-वर्ष तेच वाढवतात. तुमी ते आयतं वाढवून ठेवलं आहे. आता त्याच्यावर लाल गुलाबाचा डोळा बसवायचा. हेच दिवस आहेत, ऊन तापलं की साल सुटत नाई.

लाल खोडावर पानाच्या देठाच्या बगलेत बारीक फुगीर डोळा दिसन. पान कापा, देठ तेवढं ठेवा, धराले कामी येते. नव्या ब्लेडनं सालीसकट डोळा काढा. जंगली फांदीले बुडाजवळ आडवा-उभा चीर द्या, साल हलकेच उचला अन् डोळा आत सरकवा. सायकलच्या ट्यूबची पट्टी वर-खाली बांधा, डोळा उघडा ठेवा. एकट्यानं होत नाई. एकानं धरायचं, एकानं बसवायचं. आशेनं भाऊजींचं पाहिलेलं आहे.

मंग हात लावू नका. दोन-अडीच आठवड्यांनी त्या देठाले बोट लावून पाहा. बोट लावताच गळून पडलं तर डोळा जगला. वाळून चिकटून बसलं असलं तर गेला. आपल्याले उलटं वाटते, पण तसंच आहे. जगला की त्याच्या वरची सारी जंगली फांदी कापायची, दया न करता.

जुन्या खोडाची काही खात्री नाई, उन्हाळा काढन असं वाटत नाई. म्हणून घाई करा. झालं तर हेच, नाई तर तो गुलाब संपला.

देवकाबाई

*

आंबेटोला
९ मार्च २०००

तीर्थरूप देवकाबाई यांस,
गुणवंत आणि आशाचा नमस्कार.

पत्र दोघांनी मिळून वाचलं. मोठ्यानं मी वाचलं, आशा ऐकत होती. वाचून झाल्यावर ती उठली, ढोलीत हात घालून कातर काढली आणि माझ्यासमोर ठेवली. कातरीला तांदळाचा कोंडा लागला होता. मी तो बोटानं पुसू लागलो. ती म्हणाली, “विचारा ना.” मी म्हटलं, “ढोलीत का?” ती म्हणाली, “उंदीर कापाले.” आणि पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही, पण ती हसते आहे हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीपाशी बसलो. लाल खोडावर दोनच डोळे चांगले होते. मी फांदी धरली, आशानं ब्लेड घेतलं. ती म्हणाली, “हात हालवू नका.” मी म्हटलं, “हलवत नाही.” “हालून राह्यला आहे.” हात हलतो हे मला कळत नव्हतं. साल फाटली आणि पहिला डोळा मातीत पडला. तो उचलून तिनं पाण्यात धुतला, पण मध्येच दुभंगला होता.

मला वाटलं ती आता बोलेल. ती म्हणाली, “आता मी धरते अन् मीच बसवते. तुमी पट्टी बांधा.” कुंपणाजवळून नीलाबाईंनी विचारलं, “काय चाललं बाई, झाडाले टाके घालून राहिल्या का?” आशा म्हणाली, “होय, तुमी आता गप बसा, नाई तर तुमाले बी घालीन.” मी पट्टी बांधली. डोळा उघडा राहिला.

त्यानंतर मी रोज सकाळी जाऊन बसत होतो. आशाही येत होती. मी उठून जात नव्हतो. पूर्वी उठून जात होतो हे तिनं सांगितलं तेव्हा कळलं. ती सुपात तांदूळ निवडायची. जंगली फांदीच्या शेंड्याला कळ्यांचे झुपके आले. फुलं लहान, पांढरट, मोजक्या पाकळ्यांची, पण भरभरून. मधमाश्या येऊ लागल्या. तिला फूल येईल असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही लिहिलेली मुदत होत आली. देठ होतं तसंच होतं. मी बोट लावलं नाही. लावलं की कळणार, म्हणून लावलं नाही.

शिवरात्रीला आशा नीलाबाईंबरोबर मार्कंड्याला दर्शनाला गेली. मला चला म्हणाली, मी घरीच पूजा केली. परत आली तेव्हा पिशवी खाली न ठेवताच तिनं विचारलं, “पाह्यलं?”

“नाही.”

“काऊन?”

तिनं माझा हात धरून विहिरीपाशी नेलं, खाली बसवलं आणि माझं बोट त्या देठावर ठेवलं. मी दाबलंसुद्धा नाही. देठ गळून मातीवर पडलं. त्याच्या जागी डोळा होता, लालसर, तांदळाच्या दाण्याएवढा.

आम्ही दोघं तिथंच बसलो. तिनं माझं बोट सोडलं नव्हतं. मग म्हणाली, “आता वरचं कापा.”

वरचं सगळं फुललेलं होतं. दोन-अडीच महिने मी तिला पाणी घातलं होतं. मी काही वेळ कातर धरून राहिलो. मग कापली, डोळ्याच्या वर बोटभर ठेवून. मधमाश्या थोडा वेळ तिथंच फिरत होत्या. कापलेल्या तोंडाला शेण लावलं. फुलांचे झुपके आशानं परातीत घेतले. काही महादेवाला वाहिले. दीड वर्षानं माझ्या देव्हाऱ्यात अंगणातलं फूल आलं. उरलेले तिनं माझ्या हातात दिले आणि भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर फोटो आहे. मी तो इतके दिवस पाहत नव्हतो. त्या दिवशी पाहिला. फोटोत त्याचे केस कपाळावर आले आहेत. आशा सारखी सांगायची, केस मागं सार, तो ऐकायचा नाही.

रडू आलं नाही. तुम्हाला खोटं लिहीत नाही. छातीत काहीतरी दुखत होतं, पाय मुंग्या येऊन मोकळा होतो तसं. आशाला सांगितलं तर म्हणाली, “दुखू द्या.”

आज डोळ्यातून दोन पानं निघाली आहेत. गडद, लालसर. आशा म्हणते, देठाला पाचच येतील, जंगलीसारखी सात नाहीत. जुनं खोड उन्हानं वाळत चाललं आहे. त्याला आम्ही दोघंही पाणी घालतो, राहील तितके दिवस राहील.

हे लिहीत असताना आशा मागे उभी आहे. विचारते, “बाईले काय लिहून राहिले?” मी म्हटलं, लिहितो की गुलाबाचा डोळा जगला. ती म्हणाली, “कोणाचा गुलाब ते नीट लिहा. दुनियेत गुलाब लय आहेत.”

तर, मिथुनच्या गुलाबाचा डोळा जगला आहे.

आपला,
गुणवंत